एका पायाचा बिबट्या

पाटोदा तालुक्यातल्या चिंचदरा गावात गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी बिबट्या आला. तो मी होतो.

अधिक अचूक सांगायचं तर त्याचा उजवा पुढचा पंजा माझ्या जुन्या स्लिपरचा होता आणि उरलेले तीन पंजे नव्हतेच. तरीही सकाळी पावणेसातपासून साडेदहापर्यंत गावातल्या एकाही माणसाला त्याच्याविषयी शंका आली नाही. त्याची बातमीसुद्धा प्रसिद्ध झाली. ती बातमीही मीच दिली होती!

मी बीडला एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातून अतिशयोक्ती काढून टाकणं हे माझं काम. माझी बायको वैशाली चिंचदऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळेजवळच तिनं दोन खोल्या घेतल्या आहेत. शनिवारी दुपारी मी मोटारसायकलवर तिकडं जातो आणि सोमवारी सकाळी परत येतो. गावात मला स्वतंत्र नाव नाही. मला 'बाईंचे मालक' म्हणतात. (मालकीचा हा एवढाच पुरावा.)

दिवाळी झाली की चिंचदऱ्यातलं निम्मं गाव ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातं. आईबापांबरोबर पोरंही जातात आणि त्यांची शाळा उन्हाळ्यापर्यंत बुडते. हे थांबावं म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह आहे. आईबाप ऊस तोडायला जातात, पोरं गावात आजी-आजोबांजवळ राहतात, दोन्ही वेळा शाळेत जेवतात आणि ज्यांच्या घरी कुणी नाही ती तिथंच झोपतात. योजना चांगली आहे. फक्त पोरं मागं ठेवायला आईबाप तयार व्हावे लागतात.

वैशालीनं आईबापांना समजावणं कधीच सोडून दिलं होतं. तिचं म्हणणं असं, की पोरांनाच शाळा सोडवेनाशी झाली पाहिजे. म्हणून तिनं वर्षभर त्यांच्याकडून नाना उद्योग करून घेतले. काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवायचं आणि वाळू खाली, गाळ वर कसा बसतो ते बघायचं. गोल उभं राहून सुतळी धरायची. एक पोरगं गवत, एक नाकतोडा, एक बेडूक, एक साप. गवत खाली बसलं की सगळ्यांची सुतळी ओढली जाते. (साप व्हायला सगळे तयार असत. गवत होण्यावरून मारामाऱ्या होत, कारण सगळ्यांना एकदम पाडायची सत्ता गवताकडं असते.) आणि पोरांचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे 'माग काढा'.

या खेळासाठी पोरं जुन्या स्लिपरच्या रबरातून प्राण्यांचे पंजे कापतात, लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवतात आणि त्याचे शिक्के करतात. शाळेच्या अंगणात माती चाळणीनं चाळून एक वाफा केला आहे. एक गट वाफ्यात ठसे उमटवतो. दुसरा गट प्राणी कोणता, कुठून आला, चालत होता की पळत होता, हे वहीत लिहितो. कोल्हा, मुंगूस, मोर, रोही असे शिक्के पोरांनी केले होते.

त्या रविवारी सकाळी नऊ वाजता हा खेळ पालकांसमोर होणार होता. सोमवारी सकाळी ट्रक निघणार होते. वैशालीच्या यादीत मागं राहणाऱ्या पोरांची तेवीस नावं होती आणि त्यात सगळ्यात वजनदार नाव होतं सहावीतल्या अश्विनीचं. अश्विनीचे वडील आसाराम हे मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी नेणारे. मुकादमानं स्वतःची पोरगी मागं ठेवली तर टोळीतली बाकीची पोरं राहणार, तिला नेलं तर यादीचा कागद चहाचा डाग पुसायच्या कामाचा. वैशालीचं वर्षभराचं काम त्या एका सकाळवर टेकलेलं होतं.

माझ्या वाट्याला ससा आला होता.

"ससा करा. छोटा असतो, तुम्हाला जमेल," वैशाली म्हणाली.

"बिबट्या करतो."

"बिबट्या नको."

"सशाला पहिल्या पानावर जागा मिळत नाही, वैशाली."

"हे पान नाही, शाळेचं अंगण आहे. ससा करा आणि कुंपणाच्या आत करा."

एवढी स्पष्ट सूचना मला कुठल्याही संपादकानं दिलेली नाही. मी बिबट्या केला.

पंजाला नखं काढली. बिबट्या मांजराच्या कुळातला आणि मांजराला नखं असतात हे मला घरच्या अनुभवावरून माहीत होतं. चौथ्या बोटाशी ब्लेड घसरलं आणि रबरावर एक आडवा काप पडला. तो तसाच ठेवला. जुनी स्लिपर एकच होती, त्यामुळे पंजाही एकच झाला. एका ठशावरून वाचक बाकीचे तीन गृहीत धरतो, असा आमच्या धंद्याचा अनुभव आहे.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मी शिक्का घेऊन अंगणात गेलो. अंगण मुरमाचं. चाळलेल्या वाफ्यावर पोरांनी आधीच पाणी शिंपडून ठेवलं होतं आणि त्याच्याजवळ अश्विनी उभी होती.

"इतं पाय ठिवू नका, सर. उद्याचा हाय."

मी मुरमावर शिक्का दाबून पाहिला. काही उमटलं नाही. कुंपणापलीकडं मात्र हरभऱ्याचं नुकतंच भिजवलेलं रान होतं. तिथं मी पहिला ठसा उमटवला आणि माझा स्वतःवरचा ताबा गेला. इतकं सुबक काम आमच्या छापखान्यातून कधी बाहेर पडलेलं नाही! वीस ठसे उमटवायचे ठरवले होते, ते मोजायचं मी पन्नासानंतर सोडून दिलं. हरभऱ्यातून बांधावर, बांधावरून ओढ्याकडं, ओढ्याकडून वसतिगृहाच्या मागच्या खिडकीखाली. तिथं परिणाम वाढावा म्हणून दोन फेऱ्या. मग परत रानातून एका मोठ्या खडकापर्यंत. खडकावर ठसा उमटेना, म्हणून बिबट्या तिथं संपवला आणि खडकाखडकानं घरी आलो.

"झालं?" वैशालीनं विचारलं.

"झालं."

"ससाच ना?"

"हं," मी म्हणालो.

रविवारी पावणेसातला दारावर थापा पडल्या. आसाराम मुकादम होते.

"बाई, पोरांला भायेर सोडू नका. वाघ आलाय."

आमच्याकडं मांजरापेक्षा मोठं असलेलं सगळं वाघच. मी अंथरुणातून विचारलं, "कुठं?"

"माज्या शिवंवरच्या रानात. हे एवढाले ठसे."

शिवेवरचं रान म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला असणार, असं मी धरून चाललो. माझे ठसे तर शाळेच्या मागं होते. (शाळेमागच्या रानालाच शिवेवरचं रान म्हणतात, ही माहिती मला पाऊण तासानं मिळाली.) म्हणजे हा दुसरा बिबट्या. म्हणजे खरा बिबट्या. म्हणजे बातमी! मी अंथरुणातूनच संपादकांना फोन लावला.

"साहेब, चिंचदऱ्यात बिबट्या."

"पाहिला?"

"ठसे आहेत."

"तू पाहिलेस?"

"निघालोच आहे."

"मग टाकतो."

दहा मिनिटांत आमच्या संकेतस्थळावर मथळा आला: 'चिंचदरा शिवारात बिबट्याचा वावर, नागरिकांमध्ये घबराट'. त्या क्षणी घाबरलेले नागरिक चार होते. बातमी गावातल्या फोनांवर पोचली आणि मथळा अक्षरशः खरा झाला.

मी पोचलो तेव्हा शाळेमागं दोनेकशे माणसं जमली होती. ठसे पुसू नयेत म्हणून त्यांच्यावर घमेली, पाट्या आणि एक परात पालथी घातलेली होती. आसारामनं आदरानं एक घमेलं उचललं.

"बगा साहेब. कसला आसंल."

मी वाकून पाहिलं. चौथ्या बोटाशी एक आडवा काप होता.

अशा वेळी सरळ माणूस काय करतो ते मला माहीत आहे. मला मात्र ती बातमी आठवली, तिच्यावरचं माझं नाव आठवलं आणि 'तू पाहिलेस?' हा प्रश्नही आठवला.

"हं," मी म्हणालो.

तेवढ्यात आसारामची आई गयाबाई काठी टेकत पुढं आली. "ह्ये बी बगा की. संगं मानूस हाय."

ठशांच्या शेजारून चपलेचे ठसे चालले होते. माझे. शनिवारी त्यांचा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

"मानसाच्या मागं लागलाय बे!" कुणीतरी म्हणालं.

सगळा जमाव माग काढत निघाला. बांध, ओढा, खिडकी, परत रान. खडकापाशी बिबट्याचे ठसे संपले. माणसाचेही संपले. 

"खाल्ला," गयाबाई म्हणाली.

आता फक्त कुणाला, एवढाच प्रश्न होता. घरोघर मोजणी सुरू झाली. सगळे सापडले, फक्त भीमराव नव्हता. भीमराव शेतकरी, उंच, एकटा हिंडणारा. त्याचा फोन बंद होता. त्याची बायको मंदा धावत आली आणि चपलेच्या ठशाकडं बघून मटकन खाली बसली.

"त्यांचाच पाय हाय. आसाच फेंगडा."

मी हळूच माझ्या पायांकडं पाहिलं. सेहेचाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सुदैवानं भीमरावच्या मेव्हण्याला फोन लागला. भीमराव शनिवारी दुपारीच युसूफ वडगावला बारशाला गेला होता आणि त्या वेळी पोहे खात होता. आसारामनं फोन स्पीकरवर ठेवला.

"भीमराव, तू हायस का?"

"हाय की. कावून?"

"तुला वाघानं खाल्लंय."

"कवा?"

"काल सांजच्याला."

पलीकडं थोडा वेळ पोहे खाल्ल्याचा आवाज आला. "मी येतो. तवर कायी करू नका," भीमराव म्हणाला.

मंदा उठली. पदर झटकला. "बारशाला गेलते आन मला शेळ्या बगाया चाललो म्हनले," असं म्हणून ती घराकडं चालती झाली. बिबट्याची भीती गेली होती. आता भीमरावनं परत यावं की नाही हा वेगळा प्रश्न होता.

माणूस वाचला, पण बिबट्या उरलाच. आणि बिबट्या वसतिगृहाच्या खिडकीखाली दोन फेऱ्या मारून गेला होता. मी व्हरांड्यात आलो तेव्हा आया पोरांचे कपडे बोचक्यात भरत होत्या. वैशाली यादी हातात घेऊन उभी होती आणि माणसं एकेक करून तिच्यासमोर येत होती.

"बाई, आमच्या दोगांची नावं काढा."

"आमचं बी."

तेविसाचे चौदा झाले, चौदाचे सहा. मग आसाराम आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बाई, आश्विनीला नेतो संगं. वाईट वाटून घिऊ नका."

"आसारामभाऊ, उसाच्या फडात बिबटे नसतात का?"

"आसतात की. पन तितं आमी संगं आसतो, बाई."

  भिंतीशी अश्विनी वहीवर वही ठेवत होती, मान खाली घालून. मी वर्गात जाऊन बाकावर बसलो. थोड्या वेळानं वैशाली आली आणि माझ्या शेजारी बसली.

"वर्षभर केलं हो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मजकूर किती वेळ दाबून ठेवता येतो याला मर्यादा असते.

"वैशाली, तो ससा आहे."

"कोण?"

"बिबट्या. तो बिबट्या म्हणजे माझा ससा आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली. तिनं माझ्याकडं अनेक प्रकारांनी पाहिलेलं आहे, पण हा प्रकार नवा होता. ती ओरडली नाही.

"उठा," ती म्हणाली. "बाहेर चला. आणि सगळ्यांसमोर सांगा."

मी व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कोणी, काय, कुठं, कधी, कसं. क्रमानं. अतिशयोक्ती न करता.  मग आसारामनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, आमाला धीर द्यायलात. कळतंय."

"धीर नाही, खरं सांगतोय. बिबट्या नाही."

"पेपरात आलंय की." त्यांनी फोन पुढं केला.

"ती बातमी मीच दिली."

"मंग पेपरात तुमी खोटं देता व्हय?"

"नाही, तसं नाही…"

"मंग आत्ता खोटं बोलायलात."

एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका, छापून आलेलं बघा. लोकांनी ते मनावर घेतलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं!

मी मोटारसायकलच्या डिकीतून शिक्का काढून आणला. तो हातोहात फिरला.

"ह्यो तर स्लिपरचा तुकडा हाय," एक जण म्हणाला.

"लेकरांनी केलता आसंल, कोल्ह्याचा," दुसरा म्हणाला.

गयाबाईचे डोळे भरून आले. "बाईचं मन ऱ्हावं म्हून सोतावर घ्यायलेत बिचारे. मालक आसावा तर आसा."

बायकांमधून सहानुभूतीचा एक सुस्कारा आला. वैशालीनं दात आवळले.

तेवढ्यात वनरक्षक आले. शांत माणूस. त्यांनी परात उचलली, खिशातून टेप काढला, लांबी घेतली, रुंदी घेतली आणि मान हलवली.

"बिबट्या न्हाई हा."

मी त्यांचे पाय धरायच्या बेतात होतो.

"नखं दिसायलीत. बिबट्या चालताना नखं आत घेतो. मातीत नखं उमटत न्हाईत." त्यांनी टेप गुंडाळला. "तरस आसंल."

तरस! लोक दोन पावलं मागं सरले. एका आईनं बोचक्याला दुसरी गाठ मारली.

"तरस न्हाई, काका."

अश्विनी होती. हातात वही आणि पट्टी. ती कधी रानात जाऊन आली ते कुणालाच कळलं नव्हतं.

"कावून न्हाई?" वनरक्षकांनी विचारलं.

"समदे ठसे एकाच पायाचे हायत. ह्या बोटापशी आडवा काप हाय, बगा. ह्याच्यात बी हाय. त्याच्यात बी हाय. मी सत्तर बगितले, समद्यात हाय."

वनरक्षक गुडघ्यावर बसले. एक घमेलं उचललं, दुसरं उचललं, तिसरं उचललं.

"म्हंजे पुढं उजवा, मागं बी उजवा," अश्विनी म्हणाली. "डावा न्हाईच."

"म्हंजे काय झालं मंग?" आसारामनं विचारलं.

"म्हंजे वाघ लंगडी घालत गेलाय, आबा."

कुठंतरी एक पोरगं फिसकन हसलं. मग दुसरं. अश्विनी हसली नाही. तिनं वहीचं पान उलटलं.

"आन मानूस काय पळत न्हवता. जितं ठसा, तितं थांबलाय. वाकलाय, म्हून टाच उमटली न्हाई, नुसता चवडा उमटलाय. पुढल्या ठशाला परत तसंच. आन चप्पल…" ती जरा घुटमळली. "चप्पल बाईंच्या मालकांची हाय. ते फेंगडं चालतात."

दोनशे माणसांनी माझ्या पायांकडं पाहिलं. मी ते जवळ घेतले. उशीर झाला होता.

माझ्या पाच मिनिटांच्या कबुलीजबाबानं जे साधलं नव्हतं ते पोरीच्या एका पानानं साधलं. तरी आसाराम पडले मुकादम. टोळी नेणारा माणूस शहानिशा केल्याशिवाय काही मान्य करत नाही.

"साहेब, करून दावा."

म्हणून रविवारी सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, गाव बांधावर बसलेलं असताना, मी हरभऱ्याच्या रानात वाकून एका हातानं शिक्का मारत बिबट्यासारखा चाललो. पोरं वह्या घेऊन दोन्ही बाजूंनी चालली होती.

"जरा दूरदूर टाका, साहेब. बिबट्याची ढांग मोठी आसती," वनरक्षक म्हणाले. त्यांना आता कामात रस वाटू लागला होता.

"मान खाली घ्या."

"वाघाला चष्मा आसतो का बे?"

"बाई, मालकाची कंबर दुकती का? शेकून देत जावा," गयाबाईनं सल्ला दिला.

ओढ्याजवळ पोचलो तेव्हा युसूफ वडगावहून भीमराव मोटारसायकलवर आला. त्यानं गाडी उभी केली, बांधावरच्या गर्दीकडं बघितलं आणि मग रानात वाकलेल्या माझ्याकडं बघितलं.

"ह्येनं खाल्लं व्हय मला?" त्यानं विचारलं.

मग जे हसू फुटलं ते ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं असणार. वनरक्षकही हसले. शेवटी वैशालीही हसली आणि मी सरळ उभं राहायची परवानगी मिळाली असं समजलो. (मिळाली नव्हती. खिडकीखालच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या. त्याही घेतल्या.)

हसणं ओसरल्यावर आसारामनं लेकीला जवळ बोलावलं.

"तुला ह्ये कुनी शिकवलं?"

"बाईंनी."

"आजून काय येतं?"

अश्विनीनं त्यांना अंगणातल्या चाळलेल्या वाफ्यापाशी नेलं. "ह्यो कोल्हा. खरा हाय, शिक्का न्हाई. राती ओढ्याकडून आलाय, इतं थांबून वास घेतलाय, परत गेलाय. ही मुंगसं, दोन हायत. आन ही आज्जी."

"मी?" गयाबाई म्हणाली.

"पहाटं काटक्या न्यायला इकडून गेलतीस. डावा पाय पुरा टेकत न्हाईस. इतं बग, टाच उमटली न्हाई. परवापसून आसंच हाय."

"कायी न्हाई झालं मला."

"काटा मोडलाय. सांगत न्हाई ती, आबा. तुमी चालला म्हून."

आसारामनं आईकडं पाहिलं. म्हातारीनं डावा पाय लुगड्याआड ओढला. ते तिच्यासमोर बसले, तो पाय धरून मांडीवर घेतला आणि टाच उन्हाकडं वळवली. काटा होता. भोवती सुजलं होतं. वनरक्षकांनी त्यांच्या पिशवीतला चिमटा दिला. काटा निघेपर्यंत गयाबाई एकदाही कण्हली नाही, फक्त पोरीला 'चोंबडी' म्हणाली. दोनदा.

 आसाराम उठले, टोपी डोक्यावर घातली आणि वैशालीकडं आले.

"बाई, यादी फाडली का हाय?"

"आहे."

"आश्विनीचं नाव ऱ्हाऊ द्या." थोडं थांबून म्हणाले, "म्हातारीकडं बगाया कुनी तरी पायजे इतं. आन ह्या पोरीच्या नजरंतून कायी सुटत न्हाई."

मुकादमाचं नाव राहिलं तसं आयांनी बोचकी सोडायला सुरुवात केली. जेवणाच्या वेळेपर्यंत यादी परत तेवीस झाली आणि मंदानं आणलेल्या पोरामुळं चोवीस. ("त्याच्या बापाचा माग काढाया कुनी तरी शिकलं पायजे," असं तिचं कारण होतं.)

मी वर्गात जाऊन फोन लावला.

"साहेब, बिबट्या नव्हता."

"मग कोण होतं?"

"मी."

 "खुलासा पाठव. दोन ओळी. आणि सूत्राचं नाव देऊ नकोस, आपली अब्रू जाते."

सोमवारी सकाळी ट्रक निघाले. आसाराम टपावरून खाली वाकून अश्विनीला काहीतरी सांगत होते आणि ती मान डोलावत होती. डोळे पुसले ते त्यांनी. ती चाकांच्या खुणांकडं बघत होती. ट्रक वळणापलीकडं गेल्यावर म्हणाली, "मागचं डावं चाक बसलंय, बाई. हवा कमी हाय." वैशालीनं लगेच फोन करून ट्रक थांबवायला सांगितलं. हवा खरंच कमी होती.

पुढच्या शनिवारी मी शाळेत गेलो तेव्हा वर्गाच्या भिंतीवर परिसरातल्या प्राण्यांचे तक्ते लावले होते. प्रत्येक तक्ता एकेका पोरानं केलेला. कोल्हा, मुंगूस, रोही आणि त्यांच्या शेवटी अश्विनीच्या अक्षरातला हा मजकूर:

'प्राण्याचे नाव: बाईंचे मालक. कुठे आढळतो: शनिवारी व रविवारी, शाळेच्या परिसरात. अन्न: चहा, बिस्कीट. सवय: सांगितलेले ऐकत नाही. संकट आल्यास: बाईंच्या मागे उभा राहतो. माणसाला धोका: नाही. बातमीला: आहे.'

मी खिशातलं पेन काढून तो मजकूर तीनदा वाचला. शुद्धलेखन बरोबर, माहिती अचूक, कुठंही अतिशयोक्ती नाही. पेन परत खिशात ठेवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मला एखाद्या मजकुरात कापायला एकही शब्द सापडला नाही.